पहिली फेरी मोजायची नाही

अगं अगं, त्या उंटाला टेकू नकोस, त्याचा रंग ओला आहे — झालं! लागला. वळ बघू. हां, पाठीवर हा एवढा तपकिरी पट्टा. घरी गेलीस की नवरा विचारेल, कुणाला मिठी मारून आलीस म्हणून, आणि तू खरं सांगितलंस तरी त्याला पटायचं नाही. राहू दे, चोळू नकोस, चोळलं की पसरतो. वाळला की नखाने निघेल. तर मी काय म्हणत होते? — हां, तुझा हा खोका. तीन आठवड्यांपूर्वी तू तो माझ्या स्टुलाखाली बसवलास आणि माझ्या भावाला छातीठोक सांगितलंस, 'साहेब, आता एक फेरी इकडची तिकडे व्हायची नाही.' मी ऐकलं ना, मी इथेच होते, मी कुठे जाणार? पंचेचाळीस वर्षं या घोड्यांच्या चक्रीचा दांडा माझ्या हातात आहे — ढकलला की चक्री सुटते, ओढला की थांबते, एवढंच माझं काम आणि मधल्या वेळात फेऱ्या मोजायच्या. आणि आज बघते तर काय, तू पुन्हा चक्रीखाली, अर्धी आत अर्धी बाहेर, तोंडात स्क्रू धरून. मी हसत नाहीये. बरं, हसतेय. बाग उघडायला दोन तास आहेत, बारा घोडे आणि एक उंट सोडला तर ऐकायला कुणी नाही, थोडं हसू दे की म्हातारीला.

तू मला त्या दिवशी समजावलंस ते सगळं समजलं होतं बरं का मला. तुला वाटलं, मावशी नुसती मान डोलावतेय. म्हणून दाखवू? चक्रीच्या कडेला तू सायकलचा डायनॅमो लावलास. चक्री फिरली की त्याचं चाक कडेला घासून फिरतं आणि त्यातून वीज निघते. पण कशी निघते? सरळ नाही निघत. वर जाते, खाली येते, पार उलटी होते, परत वर — लाटेसारखी. तू हवेत बोट फिरवून दाखवत होतीस, मला आधी वाटलं माशी हाकलतेयस. आणि खोक्यात जी चिप आहे तिला लाटाबिटा काही कळत नाहीत. तिला दोनच गोष्टी कळतात, हो आणि नाही. मधलं काही नाही. 'बघू', 'जरा थांब', 'तसं नव्हे गं' — काही नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही चिप माझ्या भावाच्या वळणावर गेलीय. मग तू काय केलंस, लाट आणि चिप यांच्या मध्ये एक मध्यस्थ बसवलास. त्याने लाटेचा शेंडा छाटायचा, उलटा भाग चिपपर्यंत पोचूच द्यायचा नाही — नाहीतर ती जळेल — आणि एक रेघ धरून बसायचं. लाट रेघेच्या वर गेली की चिपला सांगायचं 'हो', खाली आली की 'नाही'. हो-नाही-हो-नाही. इतके 'हो' झाले की एक फेरी. किती गं? हजार? — बाराशे चौदा. बघ, आकडा सोडला तर सगळं बरोबर सांगितलं की नाही?

आता मला एक सांग, पहिल्या आठवड्यात काय झालं होतं? अगं, चक्री उभी, घोडे जागच्या जागी, बागेत चिटपाखरू नाही, आणि तुझ्या खोक्यावर आकडे चढतायत. एक… दोन… तीन… मी डबा खात होते, घास हातातच राहिला. सहा झाले. म्हटलं, आता दहा झाले की घंटा वाजणार, आणि उभ्या घोड्यांवरून कोण उतरणार ते बघूच. तुला बोलावलं. तू आलीस, म्हणालीस, रेघ फार खाली ठेवली गेली मावशी, मोटारीची आणि दिव्यांची बारीक थरथर वायरीत शिरते आणि खोक्याला वाटतं ही लाटच आहे. दोरी बघून साप समजतोय म्हण की! मग तू रेघ वर उचललीस — मोठी लाट असेल तरच 'हो', बारीकसारीक थरथरीला विचारायचंच नाही. ठीक. खोका शहाणा झाला. दोन आठवडे कुणाची काही तक्रार नाही. घंटा वाजते, मी दांडा ओढते, पोरं उतरतात, दुसरी चढतात. सगळे खूश. बंधुराज सोडून.

बंधुराज म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुझे 'साहेब'. परवा दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा हे तिकिटाच्या खिडकीतून बाहेर आले आणि त्या खांबापाशी हात मागे बांधून उभे राहिले. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. कसले पाय! पाठीमागे बोटं मोजत होते. घंटा वाजली आणि हे माझ्यासमोर — 'ताई, अकरा झाल्या.' मी म्हटलं, खोक्याला विचार. खोका म्हणतो दहा. हे म्हणतात अकरा. परत मोजलं. परत अकरा. मग माझ्याकडे असं बघितलं ना, अगं, जशी काही मीच खोक्यात बसून आकडे फिरवतेय! म्हणाले, 'तुझ्या शेजारी ठेवलं आणि यंत्रसुद्धा बिघडलं.' ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला — ही म्हण मला ऐकवली, मला! मी शिकवलेली त्याला. पण खरं सांगू? आतून मला इतकं बरं वाटलं. कारण मीसुद्धा तेच करते ना. कधीपासून करते. पहिली फेरी मी धरतच नाही. पोरांना घेऊन चक्री सुटते ती मी इतकी हळू सोडते, की एक अख्खी फेरी घोडे नुसते चालतात. ती झाली की मग वेग, आणि मग 'एक'. म्हणजे दहा म्हणून अकरा. आता तू आज येऊन सांगतेस की हळू चक्रीत डायनॅमोची लाटच लहान पडते, रेघेपर्यंत पोचत नाही, म्हणून पहिली फेरी खोक्याच्या लेखी झालीच नाही. बघ म्हणजे! मी बोलले नाही, तो बोलला नाही, आणि आमचं दोघांचं एकमत. असं एकमत मला पंचेचाळीस वर्षांत कुणाशी जमलं नव्हतं.

पाटीवर काय लिहिलंय? एका तिकिटाला दहा फेऱ्या. लिहिलंय ते लिहिलंय. बंधुराजांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही गं, रांगेत उभ्या असलेल्या पोरांना ताटकळावं लागतं, उन्हाची कुरकुरतात, आया वैतागतात. पण हे सगळं ते खिडकीतून बघतात. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. नाही, त्या उंटाला बोलत नाहीये, तू पुसू नकोस त्याला, अजून पसरवशील.

मी मोजायची कशी, विचार ना. सगळे विचारतात. एका हातात दांडा, डोळे पोरांवर — कुठलं वाकतंय, कुठलं हात सोडून उभं राहतंय — आणि शेजारी कुणीतरी आई नाहीतर आजोबा बोलत उभे, त्यांनाही उत्तरं द्यायची. बोटं मोजायला मोकळी नाहीत, तोंड मोजायला मोकळं नाही. मग? जीभ! वरच्या दातांवर जीभ टेकवायची. उजवीकडच्या दाढेपासून सुरू. एक फेरी झाली की जीभ पुढच्या दातावर. दहावा दात आला की दांडा ओढायचा. बोलताना जीभ हलते, कबूल, पण तिला तिचं घर माहीत असतं, बरोब्बर परत येते. या धंद्यात कुणाला सांगितलं नव्हतं हं मी हे, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. आणि मग गेल्या वर्षी दात काढले. सगळे. ही कवळी — हे बघ, छान आहे ना, हसले की सिनेमातली वाटते मी — पण अगं, गुळगुळीत! एकसारखी! जीभ घसरते. कुठला पाचवा आणि कुठला सातवा, काही पत्ता लागत नाही. म्हणून तर हा तुझा खोका आला. बंधुराजांना मी हेच सांगितलं, दात गेले रे, म्हणून आकडा गेला. त्यांनी मान हलवली. हलवणारच, आपलेच दात, आपलेच ओठ, बहिणीला काय बोलणार?

बरं, आता तू आज नेमकं काय करतेयस? पुन्हा सांग, मी नीट ऐकते, थट्टा करत नाही. — दोन रेघा? — म्हणजे 'हो' म्हणायला एक रेघ आणि 'नाही' म्हणायला वेगळी, तिच्या खालची? एकदा 'हो' म्हटलं की लाट थोडीशी थरथरली म्हणून लगेच 'नाही' म्हणायचं नाही, चांगली खाली उतरली तरच म्हणायचं. आणि वायरीला जाळीचं आवरण, म्हणजे मोटारीची थरथर आत शिरायची नाही. आणि लहान लाटेला आधी मोठं करायचं, म्हणजे हळू चक्रीसुद्धा ऐकू येईल. अगं, किती साधं आहे! हे मला तिसाव्या वर्षी कुणी शिकवलं असतं तर! मला बघायला एक घड्याळजी आले होते. चांगले होते, बोटं लांब, बोलणं कमी. मी सकाळी हो म्हटलं, दुपारी नाही, संध्याकाळी परत हो, दुसऱ्या दिवशी चक्रीवर बसले आणि परत नाही. एकच रेघ ना माझ्याकडे! जरा वारा आला की इकडून तिकडे. तो बिचारा घड्याळजी, तोही मोजून दमला असेल. हसतेस काय, मीही हसते आता. पण तेव्हा हसले नव्हते.

तर दोन रेघा लागल्या की हा खोका पहिली फेरीसुद्धा मोजणार. बाराशे चौदापैकी एक 'हो' सोडणार नाही. मग दहा म्हणजे दहा. — मी काय म्हणते, नाही लावल्यास तर? आहे तसं राहू दिलंस तर? सांग ना बंधुराजांना, काही उपाय नाही, यंत्राची जातच तशी. खोटं? छे, खोटं कसलं, तू नुसतं गप्प बसायचंस. अळीमिळी गुपचिळी. — बरं बरं, डोळे वटारू नकोस. कळलं, तू तसली नाहीस. मलाही ठाऊक आहे ते, आज सकाळी आलीस तेव्हा स्वतःची चूक स्वतःच सांगितलीस, रेघ वर उचलताना हळू चक्रीचा विचार केला नव्हता म्हणून. असं सांगणारी माणसं मला आवडतात. अडचणीची असतात, पण आवडतात.

मग तुला हेही सांगते, पहिली फेरी का धरायची नाही ते. तू उभी राहिलीयस का कधी चक्रीशेजारी, बाहेर, आईच्या जागी? तीन-चार वर्षांचं पोर पहिल्यांदा घोड्यावर बसतं. आई समोर उभी. चक्री सुटते आणि आई मागे जायला लागते. पोर मान वळवतं, वळवतं, मग मान आणखी वळत नाही, आणि आई गेली. दिसतच नाही. त्याला काय माहीत गोल म्हणजे काय? त्याला वाटतं, गेली ती गेली. अर्धी फेरी ते पोर घोड्याचं नाक बघत नाही, हातातली दांडी बघत नाही, दिवे बघत नाही. तोंड असं — आणि मग आई येते! समोरून येते! जिथे सोडली होती तिथेच उभी! त्या क्षणी पोराचा चेहरा बघ तू एकदा. आणि पुढच्या फेरीला ते आईकडे बघतसुद्धा नाही, घोड्याला टाच मारतं. म्हणजे मजा दुसऱ्या फेरीपासून सुरू होते. पहिली फेरी खेळायची नसतेच, खात्री करून घ्यायची असते. ती तिकिटात धरायची? दहातली एक भीतीत घालवायची आणि वर म्हणायचं, दहा दिल्या? मला नाही पटत. मी दांड्यावर बसले त्या पहिल्या दिवसापासून नाही पटलं.

हे मला कसं कळलं म्हणतेस? — सांगू नये खरं. तू बोलणार नाहीस ना? तुझ्या साहेबांमुळे कळलं. हो, हेच, हात मागे बांधून उभे राहणारे. वडील होते तेव्हा, दांडा त्यांच्या हातात. हा पाच वर्षांचा, मी बारा-तेराची. त्या पांढऱ्या घोड्यावर बसवलं, नवे बूट घालून. आई ह्या इथे उभी. आणि चक्री सुटली तशी ह्याने जो गळा काढला! वडिलांना वाटलं, चक्रीवाल्याचा मुलगा चक्रीवर रडतो, लोक काय म्हणतील. त्यांनी वेग वाढवला. म्हणजे लवकर संपेल म्हणून वाढवला असेल, वाईट नव्हते ते. पण दहाच्या दहा फेऱ्या पोर रडत गेलं. तेव्हापासून आजपर्यंत हा गृहस्थ घोड्यावर बसलेला नाही. रंग देतो, तेल घालतो, रात्री कापड झाकतो, पण बसत नाही. विचारलंस तर म्हणेल, माझं वजन जास्त आहे. आता मी तुला हे सांगितलं हे त्याला कळलं ना, तर तो माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, आणि तसाही तो बोलत कुठे असतो म्हणा.

झालं लावून? एवढ्यात? बरं, मग चालव. — काय? मी? मी कशाला, खोका मोजेल ना! — हो, पण तो बरोबर मोजतोय की नाही हे कुणीतरी माणसाने मोजूनच बघायला हवं, खरंय… तू मोज की. तुला खोक्याचे आकडे बघायचेत. हं. अगं, पण मी सांगितलं ना तुला, कवळी — जिभेने नाही, मोठ्याने? मोठ्याने मोजू? बरं. मोठ्याने. त्यात काय आहे? हा दांडा, हे सोडलं. हळू… हळूच सोडते मी, हाताला सवय आहे. हा पांढरा घोडा निघाला, खांबापाशी आला की एक. बघ कसे चालतायत, रिकामे असले ना की जरा म्हातारे वाटतात. त्या तिसऱ्याचा कान मोडलाय, तीन वेळा चिकटवला, पोरं तोच धरतात. एक. बघ, झाली एक. तुझा खोका? एक! शाब्बास, पकडली की गं पहिली, लहानशी लाट पकडली. आता वेग. दोन. त्या करड्या घोड्यावर एक मुलगी यायची, दर रविवारी, दुसऱ्या कुठल्या घोड्यावर बसायचीच नाही, करडा रिकामा नसला तर पुढची पाळी येईपर्यंत थांबायची. तीन. परवा आली होती, तिच्या मुलीला घेऊन. आणि मुलगी कुठे बसली असेल? उंटावर! आईचं तोंड बघायचं होतंस तू. मी म्हटलं, असंच असतं बाई, आपण — आपण… हा पांढरा गेला ना आत्ता? गेला. म्हणजे ही… तू काही बोलू नकोस. थांब. पाच. नाही. — नको, थांबवते. थांबवते मी.

किती होत्या गं? खोक्यावर किती? — सहा.

दात नव्हेत. तुझ्या लक्षात आलंच असेल, तू काही दूधखुळी नाहीस. मोठ्याने मोजायला कुठे दात लागतात? दातांचं निमित्त आहे. कवळी बसवली त्याच्या आधीपासून होतंय हे. आकडा असतो, इथे, अगदी जिभेवर, आणि मी मुलगी बघते, उंट बघते, आणि परत येते तर तो जागेवर नसतो. एक संध्याकाळ तर — तुला बंधुराजांनी सांगितलं असेल, तेवीस फेऱ्यांची गोष्ट. विनोद म्हणून सांगतात लोक. ताईने पोरांना तेवीस फेऱ्या दिल्या! मीही तसंच सांगितलं सगळ्यांना, मुद्दाम दिल्या, पोरं खूश होती. पोरं आधी खूश होती. मग एकेकाच्या आया हाका मारायला लागल्या, आणि मला कळत होतं की हाका मारतायत, हातात दांडा होता, आणि मी वाट बघत होते. दहाची. दहा येतच नव्हते. एक पोर उंटावर ओकलं. मग हा खिडकीतून धावत आला आणि माझ्या हातावर हात ठेवून त्याने दांडा ओढला. त्यानंतर आठ दिवसांनी तू खोका घेऊन आलीस. म्हणजे मला कळायला हवं ते कळलं. आज मोजायला यंत्र, उद्या दांडा ओढायला यंत्र, आणि परवा 'ताई, तू आता घरी आराम कर'. चारचौघांत मी या खोक्याची टिंगल करते ना, ती आपली अशीच. मनातून त्या घंटेकडे माझे कान लागलेले असतात. उभ्या चक्रीत त्याने सहा मोजल्या त्या दिवशी मी घाबरले ती भुताला नाही. म्हटलं, आता हाही चुकायला लागला, तर मी काय करू?

म्हणून तुला सांगते, ऐक. दोन रेघा राहू देत. त्याला सगळं मोजू दे, पहिल्या लाटेपासून, एक 'हो' सोडू नकोस. पण त्या चिपला लिहून ठेव ना — तू लिहितेस ना तिला, काय करायचं ते? — लिहून ठेव की पहिली फेरी मोज, पण धरू नकोस. मोजून सोडून दे. आधी तो चुकून सोडत होता, आता ठरवून सोडू दे. चूक काय, आज आहे, उद्या तुझ्यासारखी हुशार कुणी येईल आणि दुरुस्त करेल. मी दांड्यावर नसले तरी ती फेरी राहायला हवी. होतं ना असं? एका ओळीचं काम आहे? मग लिही. — साहेबांना विचारावं लागेल. हो. लागेलच. तू तसली नाहीस हे विसरलेच मी.

आलेच बघ, शंभर वर्षं आयुष्य. तू राहा इथेच, तुझं काम चालू ठेव. — ये रे. हो, झालं तिचं. अगदी पहिल्यापासून मोजतो आता, दहा म्हणजे दहा, तुझ्या पाटीसारखे. तिची काही चूक नाही, पाठीचा रंग आपल्या उंटाचा आहे. — थांब, जाऊ नकोस. मला बोलायचंय. नाही, हिच्यासमोरच, एकटी असले तर मी परत काहीतरी विनोद करेन. त्या तेवीस फेऱ्या मी मुद्दाम दिल्या नव्हत्या. मला आकडा सापडत नव्हता. आत्ताही सापडला नाही, तीननंतर गेला, विचार हिला. दातांचं काही नाही त्यात. मला मोजता येत नाही रे आता. मला हा खोका लागतो. आणि मला घरी बसवायचं असेल तर बसव, मालक आहेस, पण त्या आधी मला — काय? — काय म्हणालास?

तुला ठाऊक होतं? कधीपासून? — त्या संध्याकाळपासून? आणि मग हे यंत्र… मला उठवायला नाही? मला बसता यावं म्हणून? अरे मग तोंडाने सांगायचं नाही का! तीन आठवडे मी मनात सामान बांधतेय, याला शिव्या घालतेय, हिला छळतेय, आणि तू तिथे खिडकीत गप्प! माझ्यासमोर येऊन म्हणालास काय, तर 'अकरा झाल्या'! — तुला वाटलं, मी सांगेन तेव्हा सांगेन? मी? मला ओळखतोस ना तू? — बरं. बरं, असू दे. आता हे ऐक. ही विचारतेय, पहिली फेरी धरायची का. तुलाच विचारतेय. घोड्यावर बसणाऱ्या पोराची पहिली फेरी. माझ्याकडे बघू नकोस, खाली बघू नकोस. हिची चिप आहे ना, तिला मधलं काही कळत नाही, हो किंवा नाही. मान हलवून चालायचं नाही, तोंडाने म्हण. — मोठ्याने.

ऐकलंस ना गं? 'धरू नका.' बहुवचनात म्हणाला, साहेब आहेत. लिही. लिहिलंस? मग आता पेटी आवर आणि जा. हो, लगेच. चाचणी उद्या घे. हे काय, तू अजून उभीच? जा गं बाई, आम्हाला बहीण-भावाला आता कडकडून भांडायचं आहे, आणि ते बघायला तिकीट नाही. बागेचं फाटक नुसतं लोटलंय, जाताना ओढून घे.